आठव्या महिन्यातील बालक : अकाली जन्म, अल्प भार आणि आपले कर्तव्य

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या सोनाळा परिसरात एक समज फार खोलवर रुजलेला आहे. सातव्या महिन्यात जन्मलेले लेकरू जगते, आठव्या महिन्यातील जगत नाही. अंबाबरवा अभयारण्यालगतच्या कोरकू, भिलाला वस्त्यांपासून ते बागायती गावांतील सुशिक्षित घरांपर्यंत हे वाक्य सारख्याच खात्रीने उच्चारले जाते. आपण वैद्यमंडळीही त्यास मान डोलावतो. कारण आठव्या मासातील ओजाची अस्थिरता आपण शारीरस्थानात शिकलेलो असतो आणि परीक्षेत त्यावर टीपही लिहिलेली असते. या समजाचा नवजात अर्भकाच्या जीविताशी किती निकटचा संबंध आहे हे मला एका अर्भकाच्या मृत्यूनंतर उमगले. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाही.

दवाखाना सुरू करून मला तेव्हा तीन वर्षे झाली होती. पौषातील कडाक्याची थंडी होती. पायथ्याच्या एका वाडीतून एक आजी चार दिवसांचे बालक घेऊन आली. प्रसूती घरीच झालेली, दिवस आठव्या महिन्याचे. तक्रार एवढीच की लेकरू दूध ओढत नाही आणि रडतही नाही. समोरच्या किराणा दुकानातील काट्यावर वजन केले तेव्हा ते १६०० ग्रॅम भरले. अंगास ज्वर नव्हता, म्हणून जंतुसंसर्ग नाही असा निष्कर्ष मी काढला. पावले थंड लागली, ती थंडीमुळे असे मानले. मध, तूप व अल्प मात्रेत सुवर्णभस्म चाटवले, शेकण्यास सांगितले आणि सकाळी पुन्हा दाखवण्यास सांगून घरी पाठवले. बालक त्याच रात्री गेले. चार दिवसांनी आजी अन्य कामाने बाजारात आली असता मुद्दाम थांबून म्हणाली, ‘‘आठव्याचंच होतं ते, डाक्टरसाहेब. तुमचा काय दोष?’’ तिने मला क्षमा केली होती. परंतु ज्या आधारावर केली तोच मुळात खोटा होता, हे मला पुढे वाचन वाढल्यावर कळले.

शास्त्रवचनाचा अर्थ

प्रथम आपल्या ग्रंथांकडे पाहू. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात आठव्या मासाचे वर्णन करताना माता व गर्भ रसवाहिनींच्या द्वारे परस्परांचे ओज वारंवार घेतात असे सांगितले आहे. त्या काळातील जन्म ते ‘व्यापत्तिमत्’, म्हणजे संकटयुक्त मानतात. येथे बालक जगणारच नाही असे विधान नाही. सुश्रुताचार्यांचे वचन अधिक कठोर आहे. ते असे बालक जगत नाही म्हणतात, परंतु लगेच त्यासाठी बलिकर्मही सांगतात. ज्याचा मृत्यू अटळ आहे त्याच्यासाठी कोणी उपाय सांगत नाही. आपण मात्र दोन्ही आचार्यांचे म्हणणे एकत्र करून त्यातील फक्त निराशा तेवढी उचलली.

ही समजूत केवळ आपलीच नाही. ग्रीक वैद्यकात हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसमूहात आठमासी बालकावर स्वतंत्र प्रबंध आहे आणि त्यातही सातव्या महिन्यातील बालक जगू शकते, आठव्यातील नाही, असेच प्रतिपादन आहे. हजारो मैलांवरील दोन परंपरांत एकच मत आढळावे ही गोष्ट कुतूहलाची खरी. माझ्या अल्पमतीप्रमाणे यात मोजणीचा घोळ मोठा असावा. पाळी चुकल्यापासून मोजायचे की शेवटच्या पाळीपासून, चांद्रमास धरायचा की इंग्रजी महिना, यावरच महिनाभराचे अंतर पडते. लग्नानंतर सातव्या महिन्यातच धष्टपुष्ट बालक जन्मल्याच्या कथाही प्रत्येक गावात असतात. त्यांच्या तपशिलात आपण शिरू नये हेच बरे!

आज याविषयी शंकेला जागा उरलेली नाही. गर्भाशयात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा जगण्याची शक्यता वाढवतो. ३४ आठवड्यांच्या बालकास ३० आठवड्यांच्या बालकापेक्षा कितीतरी अधिक संधी असते. म्हणजे आठव्या महिन्यातील लेकरू सातव्यातील लेकरापेक्षा अधिक बळकट असते आणि योग्य काळजीने ते सावरण्याची शक्यता अधिक असते. नेमक्या त्याच लेकरास घरातील माणसे मनातून सोडून देतात, दवाखान्यात नेण्यास उशीर करतात, आणि ते गेले की समज खरा ठरतो.

लहानपण एकटे मारत नाही

परिभाषा थोडक्यात सांगतो. ३७ पूर्ण आठवड्यांपूर्वीचा जन्म तो अकाली, ३२ आठवड्यांपूर्वीचा अति-अकाली. जन्मवजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी ते अल्पभार, १५०० पेक्षा कमी ते अत्यल्पभार. दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. दिवस पूर्ण भरलेले, पण गर्भावस्थेत पोषण न झाल्याने कृश राहिलेले बालकही अल्पभार असते. आपल्या उपविष्टक व नागोदर या वर्णनांशी ताडून पाहावे असे ते बालक होय. २०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लक्ष बालके अकाली जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लक्ष भारतातील होती. पाच वर्षांखालील बालमृत्यूंच्या कारणांत अकाली जन्माची गुंतागुंत आज पहिल्या क्रमांकावर आहे.

अशा बालकाच्या प्रारंभीच्या मृत्यूचा धोका कशाने वाढतो याचा अभ्यास देशोदेशी झाला आहे आणि काही घटक सर्वत्र आढळतात. दिवस जितके कमी व वजन जितके अल्प तितका धोका अधिक. मुलीपेक्षा मुलास अधिक. जुळ्यात अधिक. जन्मतः न रडलेल्या व पहिल्या मिनिटात श्वास न घेतलेल्या बालकास अधिक. रुग्णालयात पोहोचेपर्यंत अंग थंड पडलेल्यास, आणि जेथे उपचाराची सोय नाही तेथे जन्मून नंतर हलवलेल्यास अधिक. शेवटचे दोन घटक सूज्ञ वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावेत, कारण ते आपल्या हातातील आहेत.

याविषयी सर्वांत मोलाचे काम आपल्याच विदर्भात झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून गावोगावच्या नवजात बालकांची नोंद ठेवली आणि १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. सेवा देणाऱ्या गावातीलच अल्पशिक्षित, पण प्रशिक्षित स्त्रिया होत्या. त्यांना आरोग्यदूत म्हणत. वजन करणे, ऊब देणे, स्तनपानास साह्य करणे, श्वास न घेणाऱ्या बालकास श्वास देणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच प्रतिजैविक देणे, एवढेच त्यांचे काम. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अकाली जन्मलेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावरून सुमारे एक दशांशावर आलेले दिसते. हे सर्व काचेच्या पेटीशिवाय, मातीच्या घरात घडले.

त्या नोंदींतून निघालेला निष्कर्ष मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. बालक लहान आहे म्हणून मरते असे फारसे होत नाही. ते लहान आहे, शिवाय थंड पडले आहे, शिवाय उपाशी आहे, शिवाय त्यास जंतुसंसर्ग झाला आहे, अशी एकावर एक भर पडत जाते आणि मग ते मरते. दोषदूष्यसंमूर्च्छना शिकलेल्या आपणास हे सहज उमगावे. लहानपण हे क्षेत्र आहे, बीज बाहेरून पडते. माझ्याकडे आलेल्या त्या बालकात ही चारही कारणे डोळ्यांसमोर होती. मला त्यांतील एकही दिसले नाही.

ज्वर नव्हता म्हणून जंतुसंसर्ग नाही, ही तर सर्वांत मोठी चूक. अकाली बालकास ज्वर येण्याइतके बळच नसते. त्याचे अंग उलट थंड पडते, ते ओढणे सोडते, रडणे मंदावते, निपचित होते. चोखत असलेले बालक चोखेनासे झाले हे एकच लक्षण मी आता तातडीचे मानतो. उष्णता पाहण्यास तळहाताची पाठ पुरते. बालकाचे पोट व पावले दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट गरम व पावले थंड असतील तर बालक थंडीशी झगडत आहे. दोन्ही थंड असतील तर ते हरत आहे. साधा तापमापक काखेत ३६.५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी दाखवत असेल तर तो शैत्यदोष समजावा आणि ३६ च्या खाली गेल्यास वाटच पाहू नये.

सूतिकागृहातील आपले रिवाज

आता थोडे कटू लिहितो, व्यवसायबंधूंनी राग मानू नये. कौमारभृत्यातील जे उपक्रम आपण अभिमानाने सांगतो ते पूर्ण दिवसांच्या, सशक्त बालकासाठी सांगितलेले आहेत. ते जसेच्या तसे दीड किलोच्या लेकरास लावणे म्हणजे बलाबल न पाहता चिकित्सा करणे होय.

प्राशनाचेच पाहा. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. त्यापूर्वीच्या बालकाच्या जिभेवर मध, तूप, घुटी काहीही ठेवले तरी ते श्वासमार्गात उतरण्याचे भय असते. ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे लागते. त्याहून लहान बालकास बहुधा नळीनेच, तेही रुग्णालयात. सहाणेवर उगाळलेल्या घुटीसोबत सहाणेचे व पाण्याचे जंतू जातात, हा दुसरा धोका. जायफळाने बाळ शांत झोपते असे आपणच मातांना सांगत आलो. अति-अकाली बालकाचा श्वास मुळातच मधूनमधून थांबत असतो. त्यास झोप आणणारे काहीही देणे मी तरी धोक्याचे मानतो. मधाविषयी आधुनिक शास्त्राचा आक्षेप तर एक वर्षापर्यंतच्या सर्वच बालकांबाबत आहे, कारण मधातील विशिष्ट जंतुबीजांमुळे पक्षाघातसदृश विकार होऊ शकतो. लेहनाचे सर्वाधिक विस्ताराने वर्णन करणाऱ्या काश्यपसंहितेतही कोणास लेहन देऊ नये हे सांगितले आहे आणि त्यांत मंदाग्नीचा समावेश आहे. सात-आठ महिन्यांच्या बालकाचा अग्नी मंद नाही तर काय?

पहिल्या चिकाविषयी दोन आचार्यांत मतभेद आहे. तीन-चार रात्रींनंतर स्तन्य प्रवृत्त होते, म्हणून तोवर मध-घृतादी द्यावे, असा सुश्रुताचा क्रम. चरकाने मध-घृतप्राशनानंतर त्याच दिवशी दक्षिण स्तन देण्यास सांगितले आहे. या प्रश्नी आपण निःसंकोच चरकपक्ष घ्यावा आणि त्यातील प्राशनही या लेकरांपुरते सोडावे. पिवळा चीक हेच त्यांचे रसायन. आमच्याकडे अजूनही काही घरांत तो पिळून टाकतात.

स्नानाची गोष्ट तशीच. जन्मतःच कढत पाण्याने न्हाऊ घालणे, मग तेलाने रगडणे, मग बाजेखाली शेगडी ठेवून ओव्याची धुरी देणे हा आमच्या भागातील सुईणींचा क्रम आहे. अल्पभार बालकास त्यातील प्रत्येक पायरी घातक ठरू शकते. पाण्याने अंग थंड होते, रगडण्याने पापुद्र्यासारखी त्वचा सोलते, धुराने कोवळी फुप्फुसे कोंडतात. वजन दोन किलोपर्यंत येईस्तोवर स्नान नको, कोमट ओल्या फडक्याने पुसणे पुरे. तैलाचा मात्र सरसकट निषेध करता येत नाही. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावल्यावर रक्तातील जंतुसंसर्ग कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोहरीच्या तेलाने मात्र त्वचेचे आवरण बिघडते असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे स्नेहन गैर नाही, मर्दन गैर आहे. सुश्रुतोक्त घृताक्त पिचूने मस्तक झाकण्यामागे डोक्यातून जाणारी ऊब राखण्याचाही विचार असावा असे मला वाटते. आज टोपडे तेच काम करते.

जन्मतः निश्चेष्ट बालकासाठी चरकाने कर्णमूलाशी दगडांचा ध्वनी, मुखावर शीत वा उष्ण जलाचे सिंचन व सुपाने वारा घालणे सांगितले आहे. त्यामागील तळमळ खरी, परंतु अल्पभार बालकावर पाणी मारू नये. कोरडे करावे, पाठ चोळावी, आणि तरीही श्वास न आल्यास पहिल्या मिनिटातच पिशवी-मुखवट्याने श्वास द्यावा. हे कौशल्य प्रशिक्षणानेच येते. ज्यांच्याकडे प्रसूती होतात त्यांनी ते अवश्य घ्यावे.

आईच्या छातीवरील ऊब

१९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात उबदार पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अकाली बालके आईच्या उघड्या छातीवर बांधण्यास आरंभ केला. ‘कांगारू मातृसेवा’ या नावाने आज ती सर्वमान्य आहे. पूर्वी बालक स्थिर झाल्यावरच ती सुरू करीत. पुढे भारतासह पाच देशांतील ३२११ बालकांवर जागतिक आरोग्य संघटनेने अभ्यास केला. वजन १ ते १.८ किलोच्या आतले. जन्मानंतर तत्काळ छातीशी घेतलेल्या गटात २८ दिवसांपर्यंत १२ टक्के बालके दगावली, तर आधी स्थिर करून मग घेतलेल्या गटात १५.७ टक्के. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये संघटनेने दिवसाचे किमान ८ तास ही सेवा द्यावी अशी शिफारस केली. बालक फक्त लंगोट, टोपडे व मोजे घालून दोन्ही स्तनांमध्ये उभे, मान किंचित वर, वरून लुगडे घट्ट. आई अशक्त असेल तर बाप, आजी, मावशी कोणीही चालते. आमच्याकडील पुरुष प्रथम लाजतात. एकदा लेकराचा श्वास छातीवर लागला की खाली ठेवायला तयार होत नाहीत.

रुग्णालयापर्यंतच्या प्रवासातही हाच उपाय. सोनाळ्याहून अकोला वा बुलढाणा गाठेपर्यंत बालक दुपट्यात गुंडाळून मांडीवर नेले तर ते थंड होऊनच पोहोचते. छातीवर बांधून नेले तर तग धरते.

परंतु सर्वांत चांगला प्रवास बालक पोटात असतानाचा. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, २१०० ग्रॅमचा मुलगा फुप्फुसे अपक्व असल्याने दोन दिवसांत दगावला. जगातील सारे वैभव तेव्हा निरुपयोगी ठरले. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी मातेस स्टेरॉइड दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात हे दाखवले. आज ३४ आठवड्यांपूर्वी कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोन देतात. मात्र त्याचा उपयोग दिवसांची मोजणी नेमकी असेल आणि बालकाच्या उपचाराची सोय असेल तेथेच होतो. नागपूर व बेळगाव ज्यात सहभागी होते त्या सहा देशांच्या २०१५ मधील अभ्यासात, ते खेडोपाडी सरसकट देण्याने लाभ तर झाला नाहीच, एकूण नवजात मृत्यू वाढलेले आढळले. तेव्हा आपण सुई हाती न घेता गर्भिणीसच १०८ क्रमांकाच्या वाहनाने वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचवावे. अकाली कळा, अंगावरून पाणी वा रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी व सूज यांपैकी काहीही असल्यास आठव्या मासातील आस्थापन बस्तीचा विचारही मनात आणू नये. कपाशीच्या निंदणीत अखेरपर्यंत वाकलेली, पांडुरोगाने फिकट पडलेली, तंबाखू वा मिश्री लावणारी, दोन बाळंतपणांत वर्षाचेही अंतर नसलेली स्त्री आपल्याकडे कंबरदुखीसाठी येते. तीच ही गर्भिणी.

औषधालयचालक बंधूंना एक विनंती. घुटीची बाटली मागणाऱ्यास ‘‘लेकरू किती दिवसांचे आणि वजन किती?’’ एवढे विचारावे. महिन्याच्या आतले वा दोन किलोच्या आतले म्हणाल्यास बाटली देऊ नये. चार पैशांचे नुकसान होईल. आशाताईंचा दूरध्वनी क्रमांक फळीवर लावून ठेवावा. २०११ पासून त्यांनी रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावी अशी योजना आहे. गडचिरोलीच्याच कामातून ती देशभर गेली.

माझ्या मेजावर आता ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा आहे. २०२१ च्या पावसाळ्यात त्यावर एक मुलगी १४५० ग्रॅम भरली. गर्भकाळ ३३ आठवडे, जन्म होऊन पाच तास. मी काहीही चाटवले नाही. आजीच्या छातीवर बांधले, टोपडे घातले आणि अर्ध्या तासात गाडी निघाली. रुग्णालयात ती चोवीस दिवस राहिली. ३४ आठवड्यांपूर्वीच्या वा दोन किलोखालील बालकाच्या नेत्रपटलाची तपासणी महिन्याच्या आत व्हावी लागते, अन्यथा वाचलेले लेकरू अंध होण्याचे भय असते. ती चिठ्ठी मी आठवणीने लिहून दिली होती, तपासणीही झाली. आता ती अंगणवाडीत जाते. तिची आजी बाजारात भेटली की कौतुकाने सांगते, ‘‘सातव्यातली हाये ना जी, म्हणून जगली.’’ दिवस मी स्वतः मोजले होते, ती आठव्यातलीच.